वाढवलेली खिडकी

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात आम्हा दोघा भावंडांआधी कुणी सहीपेक्षा जास्त काही लिहिलेलं नाही. बाची सही म्हणजे नावाची पहिली दोन अक्षरं आणि पुढं एक लांब रेघ. माय अंगठा लावते आणि मग तो पदराला पुसते. अशा घरातल्या पोरानं बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना आठवणी लिहायला बसावं, हे मलाच आगाऊपणाचं वाटतं. त्यात विषय तरी काय, तर कॉम्प्युटरवरच्या खिडक्या. पण त्या दिवसांत माझ्याकडून एक चूक झाली, ती एका शब्दाची होती, आणि तो शब्द अजून कानातून जात नाही. म्हणून लिहून ठेवतो. कुठं चुकलं तर सांभाळून घ्या.

कामरगावात बाजाराच्या रस्त्यावर एक ऑनलाइन सेंटर आहे. घराचीच पुढची खोली. एक कॉम्प्युटर, एक झेरॉक्सचं मशीन, लोकांना बसायला एक बाक. ते चालवणारे गृहस्थ निवृत्त पोस्टमन आहेत. मी त्यांना काका म्हणतो. माझं कॉलेज कारंजाला. तास लवकर संपले की मी जीपनं परत यायचो आणि वस्तीवर जाण्याआधी काकांजवळ बसायचो. त्यांना इंग्रजी वाचायला जड जायचं आणि मला कॉम्प्युटर हवा होता, असं आमचं जमलं. ते मला कॉलेजवाले म्हणायचे. "या कॉलेजवाले. पंखा लावा, पानी प्या, मंग शिकवा आमाले."

काकांची कामाची एक पद्धत होती. ज्याचं काम येईल त्याच्यासाठी ते ब्राउझरची एक नवी खिडकी उघडत, आणि ते काम तडीस जाईपर्यंत ती खिडकी मिटत नसत. कुणाचा उत्पन्नाचा दाखला, कुणाचं पेन्शनचं, कुणाच्या सातबाऱ्यातली दुरुस्ती. पंधरा-पंधरा दिवस खिडकी उघडीच. कॉम्प्युटरही ते कधी बंद करत नसत. संध्याकाळी आतून काकूंची हाक यायची, "वाढवलं का दुकान?" मग काका फक्त पडदा काळा करायचे आणि त्यावर काकूंनी विणलेला रुमाल टाकायचे. आत सगळ्या खिडक्या तशाच जाग्या.

मी एकदा भीत भीत म्हणालो, "काका, मिटली तरी पान पुन्हा उघडता येते."

"येत असन. पन नोकरीत म्या थैलीतलं टपाल ज्याचं त्याले देल्याबिगर थैली कधी झटकली नाई. हे बी टपालच हाय लेका, फक्त उलट्या दिशेचं."

खिडक्यांचा क्रमही ठरलेला होता. पडद्याच्या खालच्या पट्टीवर डावीकडून पहिली वेशीजवळच्या म्हाताऱ्याची, मग पाण्याच्या टाकीजवळच्या वहिनींची, मग शाळेमागच्या दोन भावांची. मला बरेच दिवस कळलं नाही की हा क्रम कशाचा. नंतर समजलं, ती त्यांची सायकलची फेरी होती. ज्या रस्त्यानं त्यांनी नोकरीभर टपाल वाटलं त्याच रस्त्यानं खिडक्या लागलेल्या. आमची वस्ती त्या फेरीत सगळ्यात शेवटी, नाल्यापलीकडे. म्हणून माझ्या ताईची खिडकी सगळ्यात उजवीकडे होती.

ताईबद्दल सांगितलं पाहिजे. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. आमच्या वस्तीतली बहुतेक घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, पार तिकडं पश्चिमेच्या जिल्ह्यांत, आणि उन्हाळ्यात परततात. ताई बारावी झाली, सायन्सनं, चांगल्या मार्कांनी. त्याच वर्षी मायचं गुडघ्याचं दुखणं सुरू झालं आणि बाच्या जोडीला ऊस तोडायला माणूस हवं होतं. घरात दोघंच पोरं. ताई म्हणाली, "त्याले शिकू द्या. मी येतो." आमच्याकडं पोरीबी येतो-जातोच म्हणतात. ती दोन हंगाम गेली. मी त्या दोन वर्षांत अकरावी-बारावी केली आणि पुढं कॉलेजात नाव घातलं. हे मी कुणाला सांगत नाही. पण वर्गात हजेरी लागते तेव्हा कधी कधी वाटतं की "हजर" तिनं म्हणायला पाहिजे होतं.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हा मायचा गुडघा थोडा बरा झाला. ताईनं नर्सिंगच्या, म्हणजे जीएनएमच्या, प्रवेशाची परीक्षा दिली. ऊस तोडताना पाठ केलेलं तिच्या किती ध्यानात राहिलं देव जाणे, पण मार्क बरे आले. पहिल्या फेऱ्यांत नंबर लागला नाही. राहिली होती शेवटची फेरी. त्यात पसंतीची कॉलेजं क्रमानं भरायची आणि मुदतीच्या आत यादीला कुलूप लावायचं, म्हणजे लॉकचं बटन दाबायचं.

माय-बा ऊसतोडीच्या पहिल्या गाडीनं निघून गेले होते. निघताना बा म्हणाला होता, "पंधरा-वीस दिवसानं दुसरी गाडी येईन. नंबर लागला तं ठीक, नाई तं तवा ये. मुकादमाले एक जागा ठेवाले सांगतलं हाय." ताईनं मान हलवली. दुसऱ्याच दिवशी तिनं एक पोतडी भरली. चादर, ताट, गिलास, दोन जोड कपडे, तेलाची बाटली. मी विचारलं, "हे कशासाठी? गाडीसाठी का होस्टेलसाठी?"

"दोन्हीकडं हेच तं लागते," ती म्हणाली आणि पोतडी कोपऱ्यात ठेवली.

आता माझ्या कॉम्प्युटरकडं येतो.

पडद्याच्या कोपऱ्यात रोज एक निरोप यायचा की अपडेट तयार आहे. मी तो बाजूला सारायचो. एक दिवस काकांनी पाहिलं.

"हे रोज काय मांगून राह्यलं बे?"

"अपडेट मागते, काका."

"मंग देऊन टाक ना. दारावर आलेल्याले किती दिवस परत धाडतं?"

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की अपडेट टाळू नये. मला थोडं मिरवावंसंही वाटलं असेल. मी "आज रात्री करा" यावर दाबलं. त्यात कॉम्प्युटर एकदा स्वतः बंद होऊन चालू होतो हे मला माहीत होतं. पण तेव्हा आत चौदा खिडक्या उघड्या आहेत, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सकाळी मी जीपची वाट पाहत उभा होतो तर काकांचा फोन. आवाज असा, की मला वाटलं घरात काही झालं.

"कॉलेजवाले, थैली रिकामी झाली."

मी जीप सोडली आणि धावत सेंटरला गेलो. पडदा स्वच्छ, निळा. खालची पट्टी रिकामी. काका खुर्चीवर न बसता बाजूला उभे होते, एखाद्याच्या घरी सांत्वनाला गेल्यासारखे. बाकावर पाण्याच्या टाकीजवळच्या वहिनी बसल्या होत्या.

"माही खिडकी बी गेली काय?" त्यांनी विचारलं.

"सगळ्याइची गेली," काका म्हणाले.

"मंग सगळ्याइची गेली तं आपल्या एकटीचं कायले रडाचं," असं म्हणून वहिनी उठल्या. "काम झालं की हाक मारजा."

मी ब्राउझर उघडला. एका बटनावर लिहिलं होतं की मागची पानं परत आणायची का. मी दाबलं. पानं आली, पण सगळी एकाच खिडकीत, एकाला एक चिकटून, वर नुसत्या बारीक पट्ट्या दिसत होत्या. त्यातही निम्म्या पानांनी आतल्या माणसाला बाहेर काढलं होतं. उघडलं की एकच दिसायचं: पुन्हा लॉगिन करा. कोणतं पान कुणाचं, कळायला मार्ग नव्हता.

"टपालाच्या गाडीतून सगळी पत्रं सांडली अन् पावसानं पत्ते धुतले," काका म्हणाले. मग ते पहिल्यांदा खुर्चीवर बसले. "थांब. मले सायकलवर बसू दे."

त्यांनी डोळे मिटले. टेबलाखाली त्यांचे पाय खरोखर हलत होते, हे मी पाहिलं. खोटं सांगत नाही.

"निंघालो. वेशीजवळ म्हातारा. त्याचं काय व्हतं? पेन्शन. ते पान लाल पट्टीचं. सापडलं?"

"सापडलं."

"काढ त्याले बाजूले. नवी खिडकी. पुढं. टाकी. वहिनी. दोन पानं व्हती तिचे, एक रेशनचं, एक पोराच्या जातीच्या दाखल्याचं. सापडले?"

"रेशनचं सापडलं. दुसरं... हां, सापडलं."

"पुढं शाळेमांगं. इथं कुत्रं हाय, मी खाली नाई उतरत. दोघं भाऊ, एकमेकाशी बोलत नाईत. दोघाइच्या खिडक्या शेजारीशेजारी नोको लावू."

"काका, कॉम्प्युटरमधी काय भांडतीन ते?"

"तू लाव मी सांगतो तसं."

असं करत आम्ही गावभर फिरलो. ज्यांच्या पानाला ओटीपी, म्हणजे फोनवर येणारा आकडा, लागायचा त्यांना फोन करून तो मागायचा, पान उघडायचं, बाजूला घ्यायचं. दुपारी काकूंनी तिथंच दोघांना भाकरी आणि वांग्याची भाजी दिली. मला ब्राउझरमध्ये एक सोय सापडली: खिडकीला नाव देता येतं. काकांना ती फार आवडली. पण माणसांची नावं ते देईनात. "नावं तं गावात चार-चार जनाले सारखे असतात. खून लिही." मग आम्ही खुणा लिहिल्या: वेशीतला, टाकीवाली, कुत्र्यावाला मोठा, कुत्र्यावाला लहान, चिंचेखालची, चष्मा हरवलेला. शेवटच्या खिडकीचं नाव काकांनी स्वतः टाइप केलं, एका बोटानं, अक्षर शोधत शोधत. मी पाहिलं तर लिहिलं होतं: सिस्टर.

"आज तुही सिस्टर हाय," ते म्हणाले. "नंबर लागला की सगळ्या दवाखान्याची."

ताईचं पान उघडायला बाच्या फोनवर आकडा जायचा, कारण अर्जात त्याचाच नंबर होता. आमच्या घरात एवढाच एक नंबर बदललेला नाही. बाला अक्षरं येत नाहीत पण आकडे येतात, फोन लावून लावून शिकला. मी त्याला पहिल्या दिवसापासून बजावलं होतं, "बा, हा आकडा कोनालेच सांगायचा नाई. मुकादमाले नाई, कोनाले नाई. मी सोता फोन करून मागीन तवाच सांगजो. फसवनारे लई हायेत." बानं ते फार मनावर घेतलं होतं. त्या दिवशीही त्यानं आधी विचारलं, "तूच हायस ना?"

"मीच, बा."

"आपल्या बैलाच्या शिंगाले काय झालं व्हतं?"

"डावं मोडलं व्हतं."

"हां. मंग लिही. चार. सात. शून्य..." मागं उसाच्या पाल्याची सळसळ ऐकू येत होती.

ताईची यादी जशीच्या तशी होती. कुलूप मात्र लावलं नाही, कारण पहिलं वाशिम ठेवावं की अकोला, हे ताईचं ठरत नव्हतं. आणखी दोन दिवस मुदत होती. त्या दोन दिवसांनी माझा घात केला.

शेवटच्या दिवशी कारंजाला माझी परीक्षा होती. ताईनं आदल्या दिवशी ठरवलं, वाशिम पहिलं. ती पहाटेच कापूस वेचायला गेली होती, जाताना एवढंच म्हणाली, "तू हाय ना पाहाले." मी सकाळी सेंटरला गेलो, बाला फोन करून आकडा घेतला, पान उघडलं, यादी बदलली, ती सांभाळून ठेवायचं बटन दाबलं. त्यानंतर कुलपाचं पान यायचं होतं. ते येता येईना. सगळ्या राज्यातली पोरं त्या सकाळी तिथंच धडकत असणार. पडद्यावरचं गोल चिन्ह नुसतं फिरत राहिलं. बाहेर जीपवाला हॉर्न देत होता.

"जाय तू," काका म्हणाले. "पान आलं की मी दाबतो. हिरवं बटन ना?"

"हिरवं. खाली असते."

"मी डोये नाई हलवत त्याच्यावरून. जाय."

कारंजाला कॉलेजच्या फाटकात असताना त्यांचा फोन आला. पान आलं होतं, पण हिरवं बटन कुठं दिसत नव्हतं. मला लगेच समजलं काय झालं ते. परत मांडताना सगळ्या खिडक्या लहान लहान झाल्या होत्या, पानाचा खालचा भाग आत दडलेला. मी घाईत म्हणालो,

"काका, सिस्टरची खिडकी वाढवा."

"वाढवू?"

"हो, वाढवा. लवकर."

माउसची टिकटिक ऐकू आली. मग, "वाढवली."

"झालं?"

"झालं बाप्पा."

घंटा झाली. मी फोन पिशवीत टाकला आणि निवांत मनानं पेपर लिहिला. कधी नव्हे तो चांगला गेला.

जीप भरेपर्यंत थांबून मी परत आलो तेव्हा साडेपाच झाले होते, मुदत पाचला संपली होती. खालच्या पट्टीवर माझी नजर सवयीनं उजव्या टोकाला गेली. शेवटची खिडकी "चष्मा हरवलेला" होती.

"काका, सिस्टर कुठं हाय?"

"वाढवली ना," काका हसून म्हणाले. "तुनंच तं सांगतलं. म्हटलं काम झालं असन पोरीचं. नोकरीनंतर पैल्यांदा एखादी खिडकी वाढवताना असं बरं वाटलं पाय."

आमच्याकडं दुकान बंद केलं असं कुणी म्हणत नाही. बंद हा शब्द तोंडातून काढू नये असा. दुकान वाढवायचं असतं, बांगडी वाढवायची असते, कुंकू वाढवायचं असतं. मी जन्मल्यापासून हे ऐकतो. रोज संध्याकाळी काकूंची हाक ऐकतो. आणि त्या दिवशी फाटकात उभा राहून मी कॉलेजातली मराठी बोललो. आवाज वाढवा, अक्षर वाढवा, तशी खिडकी वाढवा. काकांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून, जी खिडकी त्यांनी स्वतः कधी मिटली नसती, ती मिटली होती.

मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. आतून काकूंनी विचारलं, "वाढवलं का दुकान?" काकांनी रुमाल उचलला आणि तसाच हातात धरून बसले.

सांभाळून ठेवलेल्या पण कुलूप न लावलेल्या यादीचं काय होतं, हे कुठं स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. चौकशीच्या नंबरवर नुसती रिंग जायची.

वस्तीवर गेलो तर ताई अंगणात पोत्यावर बसून हाताला तेल लावत होती. कापसाच्या बोंडांनी तिची बोटं ओरखडलेली असतात. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. मला वाटलं ती रडेल. तिनं तेलाची बोटं पोत्याला पुसली. मग तिच्या खांद्यांना हसू फुटलं.

"म्हंजे काकानं माही खिडकी वाढवली? दुकान वाढवते तशी?"

"हसू नोको ना ताई."

"मंग काय करू?" तिनं डोळे पुसले, ते हसण्याचे होते की कशाचे, मला ठरवता आलं नाही. "हे पाय. वाढवलेलं दुकान सकाळी उघडतेच ना? म्हनून तं वाढवलं म्हनतेत. जेवून घे. पेपर कसा गेला?"

पेपर चांगला गेला हे सांगायची मला लाज वाटली.

दोन दिवसांनी सकाळी काका वस्तीवर आले, सायकलवर. निवृत्त झाल्यापासून ते नाल्यापलीकडे आले नव्हते. वस्तीतल्या म्हाताऱ्या लगेच बाहेर आल्या, "पोष्टमन आले, पोष्टमन आले, काय आनलं?" काका थेट आमच्या दाराशी येऊन थांबले. ताईनं खाट टाकली. ते बसले नाहीत.

"पोरी," ते म्हणाले, "नोकरीत एक कागद हरवला नाई माह्याकून. एकदा पुरात थैली डोक्यावर घेऊन आलतो ह्या नाल्यातून. अन् तुहा कागद म्या..."

"काका, तुमच्या डोक्यावरच्या थैलीत माह्या मायच्या भावाचं पत्र व्हतं तवा," ताई म्हणाली. "माय अजून सांगते. बसा. च्या ठेवतो."

मग ते बसले. चहा प्यायले. जाताना सायकलला पाय लावून मला हळूच म्हणाले, "त्या खिडकीची जागा म्या तशीच ठेवली हाय. नवी उघडून नाव देलं. सिस्टर. आत काही नाई, पन हाय."

पुढचे दिवस मी रोज सेंटरला जाऊन ते पान उघडायचो. बाहेरच्या पाटीवर एकच ओळ असायची: पुढील सूचना लवकरच. निकाल आतल्या पानावर कळणार होता. आत शिरायला बाच्या फोनवर आकडा जायचा, आणि आकडा मागितला की बा विचारणार, झालं का रे पोरीचं? मला त्याला सांगायचं धैर्य नव्हतं. म्हणून मी आतच शिरत नव्हतो. ज्या बापानं दोन हंगाम एका पोरीला उसात ठेवून मला शाळेत ठेवलं, त्याला कसं सांगायचं की शिकलेल्या पोराला दुकान वाढवणं म्हणजे काय हे आठवलं नाही?

ताई रोज कापसाला जायची, यायची. पोतडी कोपऱ्यात तशीच होती. मग एका दुपारी मुकादमाचा माणूस वस्तीत सांगून गेला की गाडी परवा सकाळी येणार. संध्याकाळी ताईनं पोतडी सोडली, तिच्यात कोयत्याची मूठ बांधायचं फडकं टाकलं आणि पुन्हा बांधली. ते फडकं होस्टेलला लागत नाही. ती माझ्याकडं न पाहता म्हणाली, "बाले फोन लाव. काय झालं ते सांगून दे. तो तिकडं वाट पाहत असन."

मी अंगणात गेलो आणि फोन लावला. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा बानं उचलला. मी मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. "बा, माही एक चूक झाली," असं ते सुरू होणार होतं. पण बानंच आधी विचारलं, "तूच हायस ना?"

"मीच, बा."

"बैलाचं शिंग?"

"डावं."

"लेका, किती दिवसाचा तुहा फोन नाई. तुहा आकडा येऊन पडला हाय, तीन दिवस झाले. म्या कोनाले सांगतला नाई. मुकादम इचारे काय वाजलं, म्या म्हटलं काई नाई. म्हटलं पोरगा सोता मांगीन तवाच द्याचा."

"कोनता आकडा, बा? म्या तं मागतलाच नाई."

"आता ते मले काय माहीत? लई मोठा हाय ह्या टायमाचा. लिहून घे. दोन. चार. शून्य. नऊ..."

मी लिहून घेत नव्हतो. पहिले चार आकडे ऐकले आणि पुढचे माझ्याच तोंडून निघाले. तो ताईच्या अर्जाचा नंबर होता. तो मला पाठ होता.

"बा, त्या आकड्याच्या मागं-पुढं अक्षरं हायेत का?"

"हायेत तं. लई हायेत. इंग्रजी दिसतेत."

"जवळ कोनी वाचनारं हाय का?"

"टॅक्टरवाला हाय. पन तुनं तं कोनाले दाखवू नोको म्हनलं व्हतं."

"दाखव, बा. आता दाखव."

ताई दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या हाताला अजून पोतडीची सुतळी गुंडाळलेली होती. फोनमध्ये पाला तुडवल्याचा आवाज आला, बानं कुणाला तरी हाक मारली, मग एक अनोळखी जाडा आवाज एकेक अक्षर लावत वाचू लागला. आधी नंबर. मग ताईचं नाव, बाचं नाव. मग, "सीट... अ... अलॉ... अलॉटेड. जी... एन... एम. मंग लिवलंय, वाशिम."

"म्हंजे काय रे ते?" मागून बाचा आवाज आला. फोन पुन्हा त्याच्या हातात गेला होता. "चांगलं हाय का वाईट?"

"नंबर लागला, बा. ताईचा नंबर लागला. वाशिमले."

कुलूप नसतानाही सांभाळून ठेवलेली यादीच त्यांनी धरली होती.

"बरं," बा म्हणाला. "मंग मुकादमाले सांगून येतो. गाडीतली आपली जागा खाली झाली."